रानातल्या नदीचे राखणदार

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, पाइनच्या जंगलातला कच्चा रस्ता जिथे संपतो तिथे बाउंड्री क्रीक नावाची जागा आहे. लाकडी फळ्यांची एक लांब, उभी घसरण तिथून थेट नदीत उतरते. जूनमधल्या सकाळी या घसरणीच्या माथ्यावर गडबड असते. राफ्टमध्ये हवा भरली जात असते, पेट्या दोरांनी आवळल्या जात असतात, आठवडाभराचं धान्य आणि बर्फ चढवला जात असतो. पण नदीत उतरण्याआधी प्रत्येक गटाला आपलं सामान एका रेंजरसमोर मांडावं लागतं. रेंजर परवाना बघते, लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून पाहते, जादा वल्हं आहे का ते विचारते. चूल पेटवायची लोखंडी परात, राख भरायचा डबा, फावडं, बादली, खरकटं पाणी गाळायची चाळणी, सगळं पाहून होतं. आणि एक गोष्ट ती उघडून बघितल्याशिवाय सोडत नाही: शौचाचा डबा. पुढच्या आठवडाभरात गटातल्या प्रत्येकाची विष्ठा या झाकणबंद डब्यात साठणार असते आणि नदीच्या दुसऱ्या टोकाला गाडीत चढून परत जाणार असते. डबा नसेल, तर परवाना असूनही नदी मिळत नाही.

ही नदी म्हणजे सॅमन नदीची उपनदी, मिडल फोर्क. बेअर व्हॅली क्रीक आणि मार्श क्रीक या दोन ओढ्यांच्या संगमातून ती निघते आणि सुमारे 167 किलोमीटर वाहून मुख्य सॅमनला मिळते. बाउंड्री क्रीकपासून सॅमनच्या संगमापर्यंत ती जवळपास आठशे मीटर खाली उतरते, वाटेत शंभराहून अधिक रॅपिड, म्हणजे खळाळत कोसळणाऱ्या धारा, आहेत. या सगळ्या अंतरात तिच्या काठाने एकही मोटाररस्ता नाही. भोवतालचं फ्रँक चर्च अभयारण्य सुमारे साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. 1980 मध्ये ते कायद्याने राखीव झालं आणि 1984 मध्ये त्यासाठी झगडलेल्या सिनेटर फ्रँक चर्च यांचं नाव त्याला मिळालं. तिथे यंत्रावर चालणारी करवतसुद्धा चालत नाही. वाटेवर पडलेलं झाड दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या करवतीनेच कापायचं.

नदीला स्वतंत्र कायद्याचं संरक्षण असावं, ही कल्पना तिथेही फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम अमेरिकेत धरणांचा सपाटा चालू होता. 1950 च्या दशकात जॉन आणि फ्रँक क्रेगहेड या जुळ्या भावांनी असा आग्रह धरला की काही नद्या तरी आहेत तशाच वाहू द्याव्यात. पुढे अस्वलांच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या या भावांचं तरुणपणी खरं वेड ससाण्यांचं होतं आणि त्या वेडापायी ते 1940 मध्ये भावनगरच्या राजपुत्राचे पाहुणे होऊन भारतातही आले होते. त्यांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या विचाराचा कायदा 2 ऑक्टोबर 1968 रोजी झाला. त्या कायद्यात पहिल्याच दिवशी ज्या आठ नद्या नोंदल्या गेल्या, त्यांत मिडल फोर्क होती.

पण कायद्याने धरण थांबतं, माणसं थांबत नाहीत. माणसांनी नदीचं काय होतं, ते कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनमध्ये सगळ्यांत लवकर दिसलं. 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल त्या घळीतून लाकडी होड्यांनी गेला. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत जेमतेम शंभर माणसांनी तो प्रवास पुरा केला. 1967 मध्ये एका वर्षातच सुमारे दोन हजार लोक गेले आणि 1972 मध्ये सोळा हजारांहून जास्त. रबरी राफ्ट स्वस्त झाल्या होत्या, आणि 1963 मध्ये ग्लेन कॅन्यन धरण झाल्यामुळे उन्हाळाभर पाणी मिळू लागलं होतं. या हजारो माणसांनी रात्री त्याच मोजक्या वाळूच्या किनाऱ्यांवर तंबू ठोकले, तिथेच चुली पेटवल्या आणि तिथेच खड्डे खणले.

कोरड्या प्रदेशातल्या वाळूत मैला लवकर कुजत नाही. पाऊस अगदी कमी, वाळूत जिवाणू कमी, आणि पुरलेलं उकरायला पुढचा तंबू असतोच. कोळसा तर वर्षानुवर्षं तसाच राहतो, त्यामुळे पांढरी वाळू करडी पडत जाते. पूर्वी दर वसंतात बर्फ वितळून पूर यायचा, किनारे धुऊन निघायचे आणि नवी वाळू बसायची. धरणाने तो पूरही अडवला आणि वाळूही. त्यामुळे ग्रँड कॅन्यनच्या किनाऱ्यांची झीज अजून चालू आहे. 1996 पासून अधूनमधून धरणातून मुद्दाम मोठं पाणी सोडून उपनद्यांनी आणलेली वाळू वर चढवण्याचे प्रयोग केले जातात, ते याचसाठी. शौचाचे डबे, चुलीच्या पराती, गटाच्या आकारावर मर्यादा, परवान्यांची सोडत हे नियम अशा अनुभवातून आले. ग्रँड कॅन्यनमध्ये लघवी नदीतच करायची असते. ऐकताना विचित्र वाटतं, पण किनाऱ्यावर केली तर ती पावसाअभावी वाळूत साठून दुर्गंधी येते, आणि एवढ्या मोठ्या प्रवाहात ती पूर्ण विरून जाते. नियमामागे नदीचा आकार आणि हवामान यांचा हिशेब आहे. लहान नदीला तोच नियम लावता येत नाही.

मिडल फोर्कवर 28 मे ते 3 सप्टेंबर या काळात दिवसाला फक्त सात गट सोडतात. खासगी गटात जास्तीत जास्त 24 माणसं. 1 डिसेंबर ते 31 जानेवारी या काळात अर्ज घेतात आणि मग सोडत निघते. वर्षानुवर्षं अर्ज करूनही नाव न लागलेली माणसं कितीतरी असतात. त्यामुळे ज्याचं नाव लागतं तो दहा-बारा वर्षांची इच्छा घेऊन घसरणीवर उभा असतो. रेंजरला त्याच्या सामानातलं न्यून दाखवायचं असतं आणि ही इच्छाही मोडायची नसते. कुठल्या रात्री कुठल्या तळावर मुक्काम, हेही तिथेच ठरतं. सात गटांना आठवडाभराचे तळ असे वाटायचे की कोणी कोणाला दिसू नये, लहान मुलं असलेल्या गटाला तीव्र धारेजवळची जागा पडू नये, आणि गरम पाण्याच्या झऱ्याजवळची जागा रोज एकाच गटाने अडवू नये. ही वाटणी नीट झाली की प्रवाशाला वाटतं, नदीवर आपण एकटेच आहोत. तो एकांत सकाळी घसरणीच्या माथ्यावर वहीत आखलेला असतो.

गस्तीची राफ्ट निघते ती आठवड्याची. रेंजर स्वतः वल्ही मारत जातात, एक-दोघं किंवा तिघं, सोबत रेडिओ, करवत, प्रथमोपचाराची मोठी पिशवी आणि आपला स्वतःचा डबा. या गस्तीचा बहुतेक वेळ तळांवर जातो. कोणीतरी दगड मांडून चूल केलेली असते, ते दगड काळी बाजू खाली करून पुन्हा पात्रात विखरायचे. कोळसा वेचायचा. गवतात पडलेले प्लास्टिकचे तुकडे, दोऱ्या, सिगारेटची थोटकं, पिस्त्यांची टरफलं एकेक उचलायची. तळामागे जंगलात गेलेल्या नव्या पायवाटा वाळलेल्या फांद्या टाकून बंद करायच्या. युरोप-आशियातून आलेली स्पॉटेड नॅपवीड, रश स्केलेटनवीड अशी तणं मुळासकट उपटायची, कारण त्यांचं बी प्रवाशांच्या तंबूंना आणि खेचरांच्या चाऱ्याला चिकटून येतं आणि एकदा उतार धरला की स्थानिक गवत हटवतं. नदीवर काम करणाऱ्या माणसाचे दिवसचे दिवस जमिनीकडे वाकून जातात. मला या कामाबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो याच भागामुळे. काम उत्तम झालं की त्याची खूण राहत नाही, आणि पुढचा गट तळावर उतरतो तेव्हा इथे कोणी काही केलंय हे त्याच्या मनातही येत नाही.

काठावरच्या खडकांवर लाल गेरूची चित्रं आहेत. ती शोशोनी लोकांपैकी टुकुडेका यांच्या पूर्वजांची. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे हे लोक मेंढ्याची शिंगं गरम झऱ्यांत मऊ करून त्यांची धनुष्यं बनवत. 1879 मध्ये अमेरिकी सैन्याने मोहीम काढून त्यांना इथून हुसकलं. ज्या दरीला आज कायदा मनुष्यवस्तीविना राखलेलं रान म्हणतो, ती त्या लोकांची घरदार असलेली दरी होती. चित्रांना बोटांचा तेलकटपणा लागला तरी रंग हळूहळू जातो, म्हणून रेंजर प्रत्येक गटाला हात न लावण्याची विनंती करतात. चांगले रेंजर त्यासोबत हा इतिहासही सांगतात. तो न सांगता नुसती मनाई करणं मला अपुरं वाटतं.

ऑगस्टमध्ये सॅमन मासे येतात. पॅसिफिक महासागरापासून जवळपास दीड हजार किलोमीटर, आठ मोठी धरणं ओलांडून, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर चढून चिनूक सॅमन मार्श क्रीक आणि बेअर व्हॅलीच्या वाळूगोट्यांपर्यंत पोचतात. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते, वर पुन्हा गोटे पसरते, आणि काही दिवसांत मरते. नेमकं याच दिवसांत वरच्या भागात पाणी घोट्याएवढं उरतं आणि राफ्ट तळाला घासतात. एका राफ्टच्या ओढण्याने एका मादीचा सगळा प्रवास वाया जाऊ शकतो. म्हणून खळगे ओळखायला शिकवणं, त्यांना वळसा घालायला लावणं हे रेंजरचं ऑगस्टचं काम. पाणी फारच उतरलं की बरेच गट लहान विमानाने इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर येतात आणि पंचवीस मैल खालून नदी धरतात.

आता रॅपिडकडे येऊ. बहुतेक रॅपिड बाजूच्या ओढ्यांच्या तोंडाशी असतात. ढगफुटीसारखा पाऊस झाला की ओढा दगडधोंड्यांचा लोंढा आणून मुख्य नदीत टाकतो. नदी त्या ढिगाऱ्यावर अडते, वरच्या अंगाला शांत डोह होतो, आणि खाली अरुंद वाट शोधत पाणी कोसळतं. म्हणून शांत पाणी दिसलं की जाणकार सावध होतो. कोसळत्या पाण्याची गुळगुळीत जीभ इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. तिचं टोक खालच्या दिशेला असेल तर ती मोकळी वाट, आणि टोक वरच्या दिशेला असेल तर टोकाशी खडक. खडकावरून उडी घेणारं पाणी खाली आपटून पृष्ठभागावरून मागे फिरतं आणि एक फिरता खळगा तयार होतो. तिथल्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, आणि राफ्ट त्यात आडवी गेली तर उलटते.

मिडल फोर्कवर पाचव्या मैलाच्या आसपास वेल्व्हेट फॉल्स आहे. एका मोठ्या खडकाआड असल्यामुळे त्याचा आवाज वरच्या अंगाला पोचत नाही. आणि हा धबधबा पहिल्याच दिवशी येतो, हात अजून वल्ह्यांना सरावलेले नसताना. रेंजर घसरणीवरच प्रत्येक गटाच्या म्होरक्याशी त्याबद्दल बोलतात. पाण्याची पातळी नदीकाठच्या मिडल फोर्क लॉजजवळच्या मोजपट्टीवर फुटांत वाचली जाते. सहा फुटांच्या वर पाणी असेल तर निघूच नका, असा त्यांचा सल्ला असतो. परवाना हातात असलेल्या माणसाला हा सल्ला पटवणं हे वर्षातलं सगळ्यांत अवघड संभाषण असावं. केवळ पाणी वाढलं म्हणून त्याला अडवण्याचा अधिकार रेंजरकडे सहसा नसतो, बहुतेक हंगामी रेंजर हत्यारबंद पोलीस नसतात. त्यांच्याकडे असते ती माहिती आणि ती सांगण्याची हातोटी.

त्यातही दोन गोष्टी ते पुन्हा पुन्हा सांगतात. पहिली, पाण्यात पडलात तर उभे राहू नका. तळाच्या खडकांत पाऊल अडकलं की प्रवाह शरीर पुढे झोपवतो, आणि कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, तेव्हा ताकदवान माणसालाही पाऊल सोडवता येत नाही. पाठीवर पडून, पाय वर आणि पुढे ठेवून, काठाकडे तिरकं पोहायचं. दुसरी गोष्ट थंडीची. जूनमधलं पाणी नुकतंच वितळलेलं बर्फ असतं. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, पहिल्या दहा मिनिटांनंतर हात दोर पकडण्याइतकेही चालत नाहीत. दोर फेकायची पिशवी हाताशी आहे का, हा प्रश्न म्हणूनच विचारला जातो. उलटलेल्या राफ्टजवळ रेंजर असण्याची शक्यता अगदी थोडी. पहिली मदत गटातलाच कोणी करणार, हे गृहीत धरून सगळी तयारी करून घेतलेली असते.

नदी एकदा शिकली की संपलं, असंही नाही. जंगलातल्या वणव्यांनंतर उतार उघडे पडतात, पुढच्या पावसांत ओढे लोंढे आणतात, आणि काल सोपा असलेला वळसा आज बदललेला असतो. 2006 च्या उन्हाळ्यात अशाच एका लोंढ्यातून वाहून आलेल्या ओंडक्यांनी पिस्टल क्रीकच्या रॅपिडमध्ये नदीच अडवली, आणि या जंगलांचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी वनसेवेला सुरुंग लावून ती वाट मोकळी करावी लागली. ओंडक्यांचा अडसर पोहणाऱ्याला खडकापेक्षा घातक. पाणी त्यातून आरपार जातं, माणूस अडकतो. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या गस्तीला नदी नव्याने वाचावी लागते, आणि मागच्या वर्षीची नदी आठवत असल्याशिवाय काय बदललं ते कळत नाही.

आपल्याकडे कुंडलिकेवर कोलाडला राफ्टिंग करणाऱ्यांना हे थोडं परकं वाटेल. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं आणि सकाळी सुटलेल्या त्या पाण्यावर राफ्ट चालतात. पाण्याची वेळ ठरलेली, प्रवास काही तासांचा, मुक्काम नाही. गंगेवर शिवपुरीच्या बाजूला मात्र किनाऱ्यावरच्या तंबूंची संख्या वाढत गेली आणि डिसेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या किनाऱ्यावरच्या तंबूंवर बंदी घातली. 2018 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने धोरण ठरेपर्यंत राफ्टिंगच थांबवायला सांगितलं. आपल्याकडे या प्रश्नाला न्यायालयातून उत्तर मिळालं. घसरणीच्या माथ्यावर उभं राहून रोज डबे बघणारं माणूस नेमणं हे त्याहून कितीतरी स्वस्त पडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि अमेरिकेतही हे माणूस स्वस्तच आहे. हंगामी रेंजरला तासाला वीस डॉलरच्या आतबाहेर पगार मिळतो. वर्षाला 1,040 तासांच्या आत काम बसवायचं, म्हणजे साधारण सहा महिने, आणि मग नोकरी संपते. पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने अर्ज. हिवाळ्यात कोणी बर्फाच्या डोंगरांवर काम करतं, कोणी शाळेत शिकवतं, कोणी सुतारकाम करतं. तरीही अशी माणसं आहेत जी एकाच नदीवर वर्षानुवर्षं परत येतात. बढती नाही, निवृत्तिवेतन नाही, पण कुठल्या तळावर कुठलं तण कोणत्या साली दिसलं, कुठल्या पाण्यात कुठला खडक बुडतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. त्यातलं फार थोडं अहवालात उतरतं. नव्या रेंजरला ते शिकायचं असेल, तर जुन्या रेंजरच्या राफ्टमध्ये बसून पहिल्या गस्तीवर जाणं हाच मार्ग.

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकी वनसेवेने जाहीर केलं की 2025 च्या आर्थिक वर्षासाठी वणवे विझवणाऱ्यांखेरीज हंगामी माणसं घेतली जाणार नाहीत, पैसे नाहीत. परवान्यांची सोडत मात्र नेहमीसारखी निघाली. दिवसाला सात गटांचा आकडा तोच. मोजके कायम कर्मचारी आणि स्वयंसेवक घसरणीवर उभं राहून तपासणी करू शकतात, परवाने बघू शकतात. आठवड्याची गस्त, तळांवरचं वाकून करायचं काम आणि नव्या माणसाला नदी दाखवणं हे सगळ्यांत आधी सुटतं. असे दोन-तीन हंगाम गेले, की ज्यांना ही नदी पाठ आहे ती माणसं दुसऱ्या पक्क्या नोकऱ्यांत रुजलेली असतात. मग पैसे परत आले तरी जाहिरात देऊन त्यांना बोलावता येत नाही, आणि वेल्व्हेटच्या वरच्या शांत पाण्यात राफ्ट कुठे काठाला लावायची ते नव्या रेंजरला स्वतःच्या चुकांतून शिकावं लागतं.